दूरदेशीच्या जोडीदाराकडे जाताना

(आकाशवाणीवरील भाषण)



वर्धा आणि वैनगंगा यांच्या खोऱ्यांतील चंद्रपूर आणि गडचिरोली या आपल्या अरण्यप्रदेशातून समुद्रापलीकडे जाणारी माणसे एके काळी अगदीच थोडी होती. परंतु १९९६ साली चंद्रपुरास शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले, परिचर्येचे शिक्षण घेतलेल्या मुली मोठ्या शहरांतल्या रुग्णालयांतून पुढे परदेशी जाऊ लागल्या, आणि सिरोंच्यापलीकडे गोदावरी ओलांडली की करीमनगर-जगित्यालकडच्या ज्या गावांतून आखाती देशांत मजुरीस जाण्याचा रिवाज कित्येक वर्षे चालत आला आहे, त्या गावांशी सोयरसंबंध असलेल्या घरांनाही ती वाट परिचयाची झाली. पती दुबईत आणि पत्नी मूल गावी, किंवा पत्नी जर्मनीत आणि पती आरमोरीत, अशी जोडपी आता आपल्याकडे नवलाची राहिलेली नाहीत. त्यांतल्या ज्यांची मिळकत बेताची आहे, त्यांनी एकमेकांपाशी जाण्यासाठी कोणता कायदेशीर मार्ग निवडावा, याविषयी आज बोलावयाचे आहे.

आरंभीच माझे मुख्य म्हणणे सांगून टाकतो. अशा घरांत पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘खर्च किती येईल’ हा. आणि त्याच्या उत्तरादाखल बापाची भविष्यनिर्वाह निधीची रक्कम, भावाच्या नावचे कर्ज आणि सावकाराकडून चार महिन्यांसाठी उचललेला पैसा एकत्र करून मुलीच्या खात्यात शिल्लक दाखविण्याची धडपड सुरू होते. वास्तविक पहिला प्रश्न असावयास हवा तो हा की, ज्या देशात जावयाचे त्या देशाचा कायदा उत्पन्न मोजतो ते कोणाचे? बहुतेक देश ते येथल्या अर्जदाराचे मोजत नाहीत. तेथे आधीच राहत असलेल्या जोडीदाराचे मोजतात. हे ध्यानी न आल्यामुळे येथे उसन्या पैशावर उभी केलेली शिल्लक तेथील अधिकाऱ्याच्या दृष्टीने निरुपयोगी ठरते, आणि कर्ज मात्र खरे असल्यामुळे ते फेडीत बसावे लागते.

इंग्लंडचे उदाहरण घेऊ. तेथील नागरिकास, अथवा कायमचे वास्तव्य मिळालेल्या इसमास, आपल्या पतीला किंवा पत्नीला बोलवावयाचे असेल तर ११ एप्रिल २०२४ पासून वार्षिक किमान २९,००० पौंडांचे उत्पन्न असावे लागते; तत्पूर्वी, २०१२ पासून, ही मर्यादा १८,६०० पौंडांची होती. येथे चंद्रपुरात बसलेल्या पत्नीला शाळेत पगार असला तरी तो या हिशेबात धरला जात नाही. उत्पन्न मुळीच नसेल आणि केवळ शिलकीवर भागवावयाचे असेल, तर ८८,५०० पौंडांची रक्कम सहा महिने आपल्या ताब्यात असल्याचे दाखवावे लागते. ही रक्कम आपल्यापैकी कोणाच्या आवाक्यातली नाही, हे सांगावयास नको. याखेरीज २०२५ च्या एप्रिलमध्ये ठरलेले अर्जाचे शुल्क १,९३८ पौंड, आणि आरोग्यसेवेचा अधिभार वर्षास १,०३५ पौंड या दराने पहिल्या पावणेतीन वर्षांच्या परवान्यासाठी एकरकमी ३,१०५ पौंड, म्हणजे दोन्ही मिळून साडेपाच लाखांहून अधिक रुपये, आगाऊ भरावे लागतात. लंडनच्या उपाहारगृहात राबणाऱ्या तरुणास हे झेपत नसेल, तर दुसरा एखादा ‘सोपा’ परवाना शोधण्यापेक्षा त्याने वर्ष-दीड वर्ष पगार वाढेपर्यंत थांबणे इष्ट, असे माझे स्पष्ट मत आहे. वृद्धांची आणि आजाऱ्यांची शुश्रूषा करण्यासाठी परदेशी सेविकांना नवा परवाना २०२५ च्या जुलैपर्यंतच मिळत असे, आणि अशा सेविकांना ११ मार्च २०२४ पासून आपले कुटुंबही सोबत आणता येत नाही, हेही त्या देशाची वाट धरणाऱ्या आपल्या मुलींनी, निघण्यापूर्वी, आपल्या यजमानांसह बसून समजून घ्यावे. जाण्याआधी हे कळले तर निर्णय निराळा होऊ शकतो. गेल्यानंतर कळले तर केवळ विरह उरतो.

अमेरिकेची रीत वेगळी, आणि गरिबाला थोडी अधिक जागा देणारी आहे. तेथे बोलावणाऱ्या जोडीदाराने सरकारपाशी पोषणाची हमी लिहून द्यावी लागते, आणि त्याचे उत्पन्न सरकारने दरसाल ठरविलेल्या दारिद्र्यमर्यादेच्या सव्वापट असावे लागते. दोन माणसांच्या कुटुंबासाठी २०२५ साली हा आकडा सुमारे २६,४०० डॉलरांचा होता. तो पुरा होत नसेल तर तेथे राहणारा दुसरा कोणी नागरिक किंवा कायमचा रहिवासी, मग तो नात्यातला नसला तरी, सहजामीन म्हणून उभा राहू शकतो. परंतु हा जामीन उपचाराचा नव्हे. आलेली व्यक्ती नागरिक होईपर्यंत, किंवा तिची सुमारे दहा वर्षांची नोकरी त्या देशाच्या हिशेबी जमा होईपर्यंत, तो बंधनकारक राहतो, आणि घटस्फोट झाला तरी सुटत नाही. आपल्याकडे गावातला ओळखीचा माणूस सहकारी सोसायटीच्या कर्जाला भिडेखातर सही देतो, तशी ही सही मागू नये आणि देऊही नये. जो देईल त्याला हे सारे आधी वाचून दाखवावे. शुल्काचे म्हणाल तर विनंती-अर्जापासून पोहोचल्यावरच्या कार्डापर्यंत, वैद्यकीय तपासणी वगळून, साधारण साडेतेराशे डॉलर लागतात. मात्र ते एकाच वेळी लागत नाहीत, टप्प्याटप्प्याने लागतात, ही बेताच्या मिळकतीच्या घराला सोयीची गोष्ट होय.

पण हे झाले नागरिक झालेल्या जोडीदाराविषयी. आपल्याकडचे बहुसंख्य अभियंते तेथे तात्पुरत्या नोकरीच्या परवान्यावर असतात. त्यांच्या पत्नीस आश्रित म्हणून जो परवाना मिळतो तो लवकर मिळतो आणि स्वस्तही असतो. मात्र त्यावर नोकरी करता येत नाही. २०१५ पासून काहींना ती मुभा आहे, पण पतीचे कायम वास्तव्याचे प्रकरण ठरावीक पायरीपर्यंत गेले असेल तरच. ज्या मुलीने येथे पदवी घेऊन नोकरी मिळविली आहे, तिच्या घराची मिळकत या मार्गाने जाताना वाढत नाही, तिच्या पगाराएवढी घटते. म्हणून स्वस्त परवाना आणि परवडणारा संसार यांची गल्लत करू नये.

कॅनडाचे थोडक्यात सांगतो. तेथे पती किंवा पत्नीला बोलावताना सर्वसाधारणपणे किमान उत्पन्नाची अट नाही. सरकारी मदतीवर जगत नसल्याचे दाखवावे लागते आणि तीन वर्षे पोषणाचे वचन द्यावे लागते. जर्मनीकडे महाराष्ट्र शासनाने २०२४ साली बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी केलेल्या करारामुळे आपल्या मुलामुलींचे लक्ष गेले आहे. तेथे मान्यताप्राप्त कुशल कामगार म्हणून गेलेल्याच्या जोडीदारास भाषेच्या प्रमाणपत्राची सवलत आहे. इतरांस प्रारंभिक पातळीची जर्मन भाषा येथूनच शिकून जावे लागते. आखातात अमिरातीमध्ये कुटुंब नेण्यासाठी ४,००० दिरहम पगार, किंवा ३,००० दिरहम आणि मालकाने दिलेले घर, एवढे असले की पुरते. सौदी अरेबियात मात्र आश्रितामागे दरमहा ४०० रियाल भरावे लागतात, आणि या एका आकड्यापायी कित्येक संसार मायदेशीच ठेवावे लागतात.

आखाताविषयी एक इशारा देणे कर्तव्य समजतो. पतीचा पगार कमी म्हणून कुटुंबाचा परवाना मिळत नाही, तेव्हा ‘बाईलाही घरकामाच्या परवान्यावर पाठवू, तिकडे गेल्यावर दोघे एकत्र राहतील’ असे सांगणारे दलाल फिरतात. दहावी न झालेल्या माणसाच्या पारपत्रावर परदेशगमनाच्या पूर्वपरवानगीची अट असते, आणि तीस वर्षांखालील अशा स्त्रीस आखाती देशांत घरकामासाठी ती परवानगी दिलीच जात नाही. म्हणून दलाल तिला पर्यटक म्हणून पाठवितात. अशी स्त्री तेथे पोहोचली की मालकाच्या घरात कोंडली जाते, पती त्याच शहरात असूनही भेटू शकत नाही, आणि दाद मागावी तर तिचे तेथले राहणेच बेकायदेशीर ठरलेले असते. पाश्चात्त्य देशांतही पाहुण्याच्या परवान्यावर जाऊन तेथेच राहून जाण्याचा सल्ला कोणी देईल, तर तो ऐकू नये. हेतू लपविल्याचे आढळल्यास इंग्लंडचे दार दहा वर्षे आणि अमेरिकेचे जन्मभर बंद होऊ शकते.

मार्ग निवडताना कोणी आधी जावे आणि कोणी मागून, याचाही विचार करावा लागतो. आणि या बाबतीत आपल्या भाषेत एक थोर पूर्वोदाहरण आहे. गोपाळराव जोशी टपालखात्यात नोकर होते. पत्नी आनंदीबाई यांच्या शिक्षणासाठी अमेरिकेस जाण्याचा त्यांचा पहिला बेत असा होता की, तेथे स्वतःला काही काम मिळवावे आणि दोघांनी बरोबरच जावे. त्यासाठी त्यांनी तेथील एका मिशनऱ्यास पत्र लिहिले. पण कामाचा योग आला नाही. तेव्हा त्यांनी मार्ग बदलला. १८८३ च्या एप्रिलमध्ये आनंदीबाई पतीवाचूनच कलकत्त्याहून निघाल्या, न्यू जर्सीतील कार्पेंटर नावाच्या बाईंच्या घरी उतरल्या, आणि गोपाळराव मागाहून पैशाची जुळवाजुळव करीत तेथे पोहोचले. ११ मार्च १८८६ रोजी त्यांची पत्नी डॉक्टर झाली. त्या काळी हिंदी माणसाला तेथे जाण्यास परवाना लागत नव्हता, उत्पन्नाची हमी लागत नव्हती. लागत होते ते बोटीचे भाडे. पुढे १९१७ च्या कायद्याने ते दार जवळजवळ मिटले, १९४६ साली वर्षाला अवघ्या शंभर जणांपुरते किलकिले झाले, आणि १९६५ नंतर खऱ्या अर्थाने उघडले. दोघांतल्या ज्याला तिकडे पक्के काम किंवा पक्के शिक्षण आहे त्याने आधी जावे, मग ती पत्नी का असेना, हे त्या गरीब कारकुनाने ओळखले होते. आपल्याकडच्या परिचारिकांच्या सासरच्या मंडळींनी ते आजही ओळखण्यासारखे आहे.

आता आपल्या गावाकडे वळू, कारण अर्ज अडतात ते पुष्कळदा येथेच. विवाहाची नोंद ग्रामपंचायतीत १९९८ च्या महाराष्ट्र कायद्यान्वये करता येते. गोंड आणि माडिया समाजांतील विवाह परंपरेने लागतात आणि हिंदू विवाह कायदा त्यांना सहसा लागू होत नाही. तरी रूढीप्रमाणे झालेला विवाह खराच असतो, आणि त्याची नोंद करून घेता येते. परदेशी अधिकारी गावपंचांना ओळखत नाही, तो दाखला ओळखतो. सबब प्रवासाचा विचारही मनात येण्यापूर्वी हा दाखला घरी असावा. जन्माच्या नोंदीचे तसेच. जुन्या मध्यप्रांतात कोतवाल जी जन्ममृत्यूची बुके ठेवीत, त्यांत पुष्कळ घरांच्या वडीलधाऱ्यांचे जन्म सापडतात, पण अलीकडच्या काहींचे कोठेच सापडत नाहीत. अशा वेळी ‘नोंद उपलब्ध नाही’ असा दाखला घेऊन शाळा सोडल्याचा दाखला जोडावा, किंवा दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने उशिरा नोंद करून घ्यावी. आणि नावे! आपल्या दोन्ही जिल्ह्यांत ‘वार’ने संपणारी आडनावे विपुल आहेत, आणि इंग्रजीत एकाच घरात ती तीन तऱ्हांनी लिहिलेली मी पाहिली आहेत. शाळेचा दाखला, आधार, पारपत्र आणि विवाहाचा दाखला या चारांवर अक्षर न् अक्षर जुळते की नाही, हे पैसे भरण्याआधी पाहावे.

पैशाविषयी शेवटची गोष्ट. जमीन गहाण टाकून परदेशाचा खर्च भागविण्याचा विचार ज्या घरांत चालू असेल त्यांनी ऐकावे. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीकडे जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीवाचून जाऊ शकत नाही, आणि २००६ च्या वनहक्क कायद्याखाली मिळालेला पट्टा वारसाने जातो, पण विकता येत नाही. मुद्रांक कागदावर सावकाराने लिहून घेतलेला करार कायद्यापुढे टिकत नसला, तरी जमिनीचा ताबा मात्र प्रत्यक्षात जातो आणि कज्जा वर्षानुवर्षे चालतो. तेंदूच्या हंगामाची मजुरी आणि धानाचे पैसे यांतून दरसाल थोडे बाजूस टाकून दोन-तीन वर्षांत जमा होईल एवढ्या खर्चाचा मार्ग निवडावा. त्याहून मोठा खर्च ज्या मार्गाला लागतो, तो मार्ग तिकडे कमावणाऱ्या जोडीदाराने आपल्या पगारातून पुरा करावयाचा असतो. त्याला तो करता येत नसेल, तर तेथे दोघांचे पोट कसे भरणार, हा प्रश्न त्याला मोकळेपणाने, प्रेमानेच, विचारावा.

जी स्त्री आश्रित म्हणून जाते तिच्यासाठी दोन शब्द. लग्नाला दोन वर्षे पुरी होण्याआधी अमेरिकेस नागरिक पतीपाशी गेल्यास मिळणारे वास्तव्य सशर्त असते, आणि त्या वास्तव्याच्या दुसऱ्या वर्षाच्या अखेरच्या नव्वद दिवसांत दोघांनी मिळून अर्ज करून ती अट काढून घ्यावी लागते. ही मुदत पत्नीने स्वतः लक्षात ठेवावी. परदेशस्थ पतीने टाकून दिलेल्या स्त्रियांच्या तक्रारी राष्ट्रीय महिला आयोगाचा स्वतंत्र कक्ष २००९ पासून पाहतो. आपले पारपत्र तिने आपल्याच हाती ठेवावे; पती किती कमावतो, कोठे राहतो आणि कोणत्या परवान्यावर आहे, याच्या कागदांच्या प्रती निघण्यापूर्वी माहेरी ठेवाव्यात; आणि तिच्या नावाचे एक बचत खाते येथे चालू राहील, परतीच्या तिकिटापुरती रक्कम त्यात कायम असेल, एवढी तजवीज तिच्या आईवडिलांनी, हुंड्या-मानपानावर होणारा खर्च तोडून, आधी करावी.