नवी मोटारसायकल आणि हौशी स्वारांचा अभिप्राय



एखादी नवी मोटारसायकल बाजारांत आली, कीं तिच्या मागोमाग तिच्याविषयींचीं मतेंहि बाजारांत येतात. गाडी अजून जिल्ह्याच्या गांवीं पोंचलेलीहि नसते, तोंच तिचें यंत्र कसें आहे, आवाज कसा आहे, वळणावर ती कशी वाकते, याविषयीं हौशी स्वार मोठ्या अधिकारानें बोलूं लागतात. कोणी म्हणतो, अशी गाडी पूर्वीं झाली नाहीं. कोणी म्हणतो, हिच्यापेक्षां जुनीच बरी होती. वर्ध्याच्या चौकांत, हिंगणघाटच्या गॅरेजांत, आर्वीच्या चहाच्या दुकानांत हा वाद रंगतो. हीं मतें कोणत्या बाबतींत मानावीं आणि कोणत्या बाबतींत नुसतीं ऐकून सोडून द्यावीं, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे. वरवर पाहतां तो तरुणांच्या करमणुकीचा वाटेल. परंतु ज्या घरांत कापूस-सोयाबीन विकून आलेल्या पैशांतून, किंवा कर्ज काढून, गाडी घेतली जाते, त्या घराला तो करमणुकीचा नाहीं. तेथें एक चुकीची खरेदी पुढचीं चार-पांच वर्षें हप्त्याच्या रूपानें दारांत उभी राहते.

वर्धा जिल्ह्यानें या विषयाकडे लक्ष द्यावें, यांत एक औचित्यहि आहे. राजस्थानांतील काशी-का-बास या खेड्यांत १८८९ सालीं जन्मलेल्या जमनालालजींना वर्ध्याच्या शेठ बच्छराज यांनीं नातू म्हणून आपल्या घरीं आणलें. जमनालालजी ११ फेब्रुवारी १९४२ रोजीं वर्ध्यास निवर्तले. त्यानंतर २९ नोव्हेंबर १९४५ रोजीं जी कंपनी स्थापन झाली, तिला बच्छराजांचेंच नांव देण्यांत आलें: बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन. तिनें १९४८ पासून परदेशी दुचाकी व तीनचाकी वाहनें आणून विकलीं, १९५९ सालीं तीं येथें बनविण्याचा परवाना मिळविला, आणि १९८६ सालीं कावासाकी या जपानी कंपनीच्या सहकार्यानें मोटारसायकल काढली. हीच आजची बजाज ऑटो. तिचें मुख्य ठाणें पुण्याजवळ आकुर्डीस आहे, आणि चाकण व वाळूज येथें तिचे कारखाने आहेत. वर्ध्याच्या एका पेढीचें नांव अशा रीतीनें या धंद्याच्या मुळाशीं आहे.

प्रथम हौशी स्वाराची बाजू मांडतों. त्याला नुसता नादिष्ट म्हणून उडवून लावणें अन्यायाचें होईल. सामान्य गिऱ्हाईक दहा वर्षांत एक गाडी घेतो व तेवढीच जाणतो. हौशी स्वारानें पंधरा-वीस गाड्या चालविलेल्या असतात. क्लच जड आहे कीं हलका, यंत्राची थरथर हातांत कितव्या वेगापासून जाणवूं लागते, ब्रेक दाबतांच गाडी सरळ थांबते कीं मागचें चाक घसरतें, हें तो एका फेरींत ओळखतो. त्याचें बोलणें कारखानदाराच्या कानांवर जातें, आणि पुढची गाडी सुधारून येते. त्याच्या पारखीला इतिहासाचाहि आधार आहे. १९८५ च्या सुमारास जपानी सहकार्यानें बनलेल्या शंभर घन सेंटिमीटरच्या काटकसरी गाड्या आपल्याकडे आल्या आणि त्यांचें राज्य सुरू झालें. भारतीय गिऱ्हाईक पेट्रोलच्या थेंबापलीकडे कांहीं पाहत नाहीं, असा समज त्यांतून रूढ झाला. नोव्हेंबर २००१ मध्यें बजाजनें पल्सर ही गाडी १५० व १८० घन सेंटिमीटर अशा दोन आकारांत आणली. हौशी स्वारांनीं तिचें स्वागत केलें. जोर आणि रुबाब यांसाठींहि लोक चार पैसे अधिक देतील, हें त्यांचें म्हणणें पुढें खरें ठरलें, आणि तें नांव आजहि रस्त्यावर आहे.

आतां दुसरी बाजू पाहूं. १९८३ सालीं एस्कॉर्ट्स कंपनीनें यामाहाच्या नमुन्यावरून राजदूत ३५० ही गाडी काढली. दोन सिलिंडरांची, टू-स्ट्रोक, सहा गिअरांची ही गाडी वेगाला त्या काळीं अजोड होती. हौशी मंडळींनीं तिला डोक्यावर घेतलें, आणि आजहि जुन्या गाड्यांच्या शौकिनांत तिचें नांव आदरानें निघतें. तरीहि त्या दशकाच्या अखेरीस ती बंद पडली. ती पेट्रोल फार पीत असे, तिचे सुटे भाग महाग पडत, आणि त्या वेगाला आवर घालणारे ब्रेक व रस्ते आपल्याजवळ नव्हते. उलट १९९४ सालीं हीरो होंडाची स्प्लेंडर आली. ९७ घन सेंटिमीटरच्या या गाडींत हौशी स्वाराला वर्णन करण्यासारखें फारसें कांहीं सांपडत नाहीं. परंतु गांवोगांवच्या मिस्त्रीला ती खोलतां येते, तिचा कोणताहि भाग तालुक्याच्या गांवीं मिळतो, आणि खेड्यांनीं तिला जो कौल दिला तो तीस वर्षें फिरलेला नाहीं. आवडीचा निकाल आणि उपयोगाचा निकाल हे असे वेगवेगळ्या न्यायालयांतून लागतात.

तिसरा प्रकार भावनेचा. १९६१ ते १९९७ पर्यंत आपल्या नौदलांत असलेली विक्रांत ही विमानवाहू युद्धनौका पुढें मुंबईस मोडण्यांत आली. तिच्या धातूचा अंश पेट्रोलच्या टाकीवर मिरविणारी व्ही-१५ ही गाडी बजाजनें फेब्रुवारी २०१६ मध्यें जाहीर केली. त्या वेळचे अभिप्राय देशाभिमानानें ओथंबलेले होते, आणि तो अभिमान योग्यच होता. पण आरंभींचा उत्साह टिकला नाहीं, आणि कांहीं वर्षांतच तिचें उत्पादन थांबलें. धातूचा इतिहास मोठा असला, तरी रोज सकाळीं दुधाचे कॅन वाहून नेतांना गाडीचा हिशोब निराळाच मांडावा लागतो.

हौशी स्वाराचा अभिप्राय कोठें कमी पडतो, हें या उदाहरणांवरून दिसून येईल. त्याची परीक्षा बहुधा पहिल्या दिवसाची असते. गाडी नवी, रस्ता चांगला, स्वार एकटा, आणि पेट्रोल बहुतेक दुसऱ्याचें. अशा वेळीं वेग, आवाज, रंग व बैठक यांची पारख नीट होते. परंतु गंज, चेनची झीज, तिसऱ्या पावसाळ्यांतली वायरिंग, गाडी पडल्यावर वाकलेल्या हँडलाची किंमत, आणि मिस्त्रीनें हात टेकल्यावर शहरापर्यंत करावी लागणारी पायपीट, या गोष्टी पहिल्या दिवशीं कोणालाच कळत नाहींत. त्या हजाराव्या दिवशीं कळतात, आणि तोंपर्यंत हौशी स्वार दुसऱ्या गाडीकडे वळलेला असतो.

वर्धा जिल्ह्याच्या परिस्थितींत तर कांहीं प्रश्न असे आहेत, कीं ते पुण्यामुंबईच्या स्वाराला सुचावयाचेहि नाहींत. आपल्याकडची काळी माती पावसांत चाकाला लगडते. मडगार्ड चाकाशीं फार चिकटून असला, तर दोन शेतें ओलांडेपर्यंत मातीचा गोळा अडकून चाकच फिरेनासें होतें. दिसायला आटोपशीर असलेला मडगार्ड समुद्रपूरच्या पांदण रस्त्यावर म्हणूनच दोष ठरतो. मे महिन्यांत येथील पारा पंचेचाळीस अंशांपलीकडे जातो. दुपारीं पाठीमागें खताचें पोतें घेऊन कमी वेगानें चालतांना यंत्र किती तापतें, हें गुळगुळीत महामार्गावरच्या फेरींत दिसत नाहीं.

मागें बसणाऱ्या माणसाचें मत तर कोणी विचारीतच नाहीं. आपल्याकडे मागें बहुधा आई, बायको किंवा बहीण बसते, आणि ती पुष्कळदां लुगडें नेसलेली असते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२३ व्या नियमानें मागच्या स्वारासाठीं धरावयाची मूठ, पाय ठेवावयाची जागा आणि कपडा चाकांत जाऊं नये म्हणून निदान अर्ध्या चाकाला आच्छादन असणें आवश्यक केलें आहे. हें आच्छादन, ज्याला आपण साडीगार्ड म्हणतों, गाडीची शोभा घालवितें म्हणून हौशी तरुण प्रथम काढून टाकतात. शोभेविषयींचें त्यांचें मत खरें असेलहि. पण सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयांत आजारी आईला मागें बसवून नेणाऱ्या मुलानें तें मानूं नये. तीच गोष्ट ब्रेकची. एप्रिल २०१९ पासून १२५ घन सेंटिमीटरपेक्षां मोठ्या नव्या गाड्यांना चाक जाम होऊं न देणारी यंत्रणा, आणि त्याहून लहान गाड्यांना निदान दोन्ही ब्रेक एकत्र लागण्याची योजना, सक्तीची करण्यांत आली. गाडी धांवते किती, याची चर्चा तासभर चालते. ती थांबते कशी, याची दोन मिनिटेंहि चालत नाहीं.

हल्लींचें एक उदाहरण घेऊं. ५ जुलै २०२४ रोजीं पुण्यास बजाजची फ्रीडम १२५ ही गाडी जाहीर झाली. नैसर्गिक वायूवर चालणारी ही जगांतील पहिलीच मोटारसायकल, असें कंपनी सांगते. बैठकीखालीं दोन किलो वायूची टांकी आहे, आणि शिवाय दोन लिटर पेट्रोल मावतें. एक बटण दाबून वायूवरून पेट्रोलवर जातां येतें. दोन्ही मिळून सुमारें ३३० किलोमीटर जातां येईल, असा कंपनीचा हिशोब आहे. ती जाहीर होतांच हौशी मंडळींत दोन तट पडले. एका पक्षानें खर्चांतील बचतीचें आणि कल्पकतेचें कौतुक केलें. दुसऱ्यानें जोर कमी आणि वजन अधिक म्हणून नाक मुरडलें. दोन्ही पक्ष आपापल्या परीनें बरोबर आहेत. पण कारंजा किंवा आष्टी तालुक्यांतील गिऱ्हाईकाचा पहिला प्रश्न या दोहोंतहि नाहीं. माझ्या गांवापासून वायूचा पंप किती कोसांवर आहे, आणि तेथें किती वेळ रांगेंत उभें राहावें लागेल? पंप वाटेवर असेल, तर ही गाडी वर्षाकाठीं चांगली बचत करील. तो आडवाटेस असेल, तर दोन लिटरांच्या टांकीवरच दिवस काढावे लागतील. एकच गाडी एका गांवीं शहाणपणाची आणि दुसऱ्या गांवीं अडचणीची ठरूं शकते.

किमतीविषयींचीं मतेंहि अशींच लवकर शिळीं होतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० घन सेंटिमीटरपर्यंतच्या मोटारसायकलींवरील वस्तु व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, आणि त्याहून मोठ्या गाड्यांवरील कर ४० टक्के झाला. आदल्या महिन्यांत दिलेला स्वस्त-महागाचा निवाडा एका रात्रींत उलटा झाला.

मग नव्या यंत्राची परीक्षा कशी करावी? याचा एक उत्तम धडा आपल्याजवळच आहे. १९२५ सालीं अखिल भारतीय चरखा संघ स्थापन झाला, तेव्हां जमनालालजी त्याचे कोषाध्यक्ष झाले. या संघानें १९२९ सालीं सुधारलेल्या चरख्यासाठीं एक लाख रुपयांचें बक्षीस जाहीर केलें. त्याच्या अटी आजहि वाचण्यासारख्या आहेत. यंत्र हलकें असावें व झोंपडींत हातानें किंवा पायानें चालवितां यावें. बाईला तें आठ तास फार श्रम न होतां चालवितां यावें. तेवढ्या वेळांत सोळा हजार फूट सूत निघावें. किंमत दीडशें रुपयांहून अधिक नसावी. तें वीस वर्षें टिकावें. आणि झिजलेले भाग बदलण्याचा वार्षिक खर्च किमतीच्या पांच टक्क्यांपेक्षां अधिक नसावा. तें बक्षीस कोणासहि मिळालें नाहीं. परंतु या अटींत वेगाला एक जागा आहे, आणि चालविणारीचे श्रम, टिकाऊपणा व दुरुस्तीचा खर्च यांनाहि तितकीच मानाची जागा आहे. हा कांटा मोटारसायकलीला लावून पाहा. लाख रुपयांची गाडी असेल, तर सुट्या भागांवर वर्षाला पांच हजारांहून अधिक खर्च होतां कामा नये. किती नव्या गाड्यांच्या स्तुतींत हा आंकडा आपण ऐकतों?

म्हणून माझी विनंति दुहेरी आहे. हौशी स्वाराचें बोलणें आवडीनें ऐकावें. हाताची पकड, ब्रेक आणि रस्त्यावरची स्थिरता यांविषयीं त्याच्याइतका जाणकार दुसरा मिळणार नाहीं. मात्र त्याला तीन प्रश्न अवश्य विचारावे: गाडी किती दिवस चालविलीस, कोणत्या रस्त्यावर चालविलीस, आणि मागें कोण बसलें होतें? दुसरें असें, कीं ज्यांनीं तीच गाडी तीन पावसाळे वापरली, त्यांनींहि आतां तोंड उघडावें. सेलूचा दूधवाला, देवळीचा मिस्त्री, रोज दोन गांवें ओलांडून शाळेला जाणारी शिक्षिका आणि तिला मागें बसवून सोडणारा तिचा भाऊ, यांचें मत कोणत्याहि जाहिरातींत येत नाहीं. तालुक्याच्या एखाद्या मिस्त्रीनें कोणत्या गाडीचा कोणता भाग कितव्या महिन्यांत बदलला, एवढें वहींत टिपून ठेवलें, तरी जिल्ह्यांतील शेंकडों घरांचा पैसा वांचेल. हौशी स्वारानें पहिल्या दिवसाची साक्ष द्यावी, यांनीं हजाराव्या दिवसाची द्यावी, आणि दोन्ही ऐकून गिऱ्हाईकानें आपल्या रस्त्याकडे व आपल्या कमाईकडे पाहून निकाल द्यावा.