कापूस गेला, पैसा कोणत्या वाटेने आला?

(राजूर, ता. वणी, जि. यवतमाळ येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



राजूरची ओळख कोळशाच्या खाणीमुळे आणि चुन्याच्या भट्ट्यांमुळे आहे; परंतु गावाभोवतीची काळी जमीन कापसाची आहे. यंदा भाव काय मिळाला, याची चर्चा आपल्याकडे प्रत्येक ओट्यावर होते. परदेशी गेलेल्या कापसाचे पैसे कोणत्या वाटेने परत आले, हे मात्र कोणी विचारीत नाही. आज तेवढाच विषय मांडतो.

1853 साली वऱ्हाड प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेला. आपला जिल्हा त्या काळी इंग्रजी दप्तरात वणीच्या नावाने, म्हणजे ‘वून’ म्हणून नोंदला जाई. 1905 साली त्याचे नाव यवतमाळ झाले. अमेरिकेत 1861 ते 1865 यादवी युद्ध चालले, तिकडचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरणीवाल्यांची दृष्टी वऱ्हाडाकडे वळली. 1867 मध्ये लोहमार्ग नागपूरला पोहोचला. कापूस वेगाने मुंबईस आणि तेथून लिव्हरपूलला जाऊ लागला.

आता पैशाची वाट पाहा. इंग्रज खरेदीदाराने सोने किंवा चांदी मुंबईस पाठवावी, हा सरळ मार्ग होता. काही चांदी तशी येतही असे. परंतु दुसरी एक सोय लंडनमध्येच करून ठेवलेली होती. तेथे भारतमंत्री ‘कौन्सिल बिल’ नावाच्या हुंड्या विकीत असे. बँक ऑफ इंग्लंडमध्ये दर बुधवारी त्यांची विक्री होई. खरेदीदाराने पौंड तेथे भरावयाचे, हुंडी मुंबईस किंवा कलकत्त्यास पाठवावयाची आणि येथील सरकारी खजिन्यातून तिचे रुपये मोजून घ्यावयाचे. हे रुपये कोणाचे? शेतसाऱ्याचे, मिठावरील कराचे, म्हणजे आपल्याच आजोबा-पणजोबांचे! शेतकऱ्याने सारा भरला आणि त्याच साऱ्यातून त्याच्या कापसाची किंमत त्याला चुकती झाली. पौंड मात्र लंडनमध्येच राहिले. गोऱ्या अधिकाऱ्यांची निवृत्तिवेतने, कर्जावरील व्याज आणि इंडिया ऑफिसचा खर्च त्यांतून भागू लागला. व्यापारी संतुष्ट, शेतकऱ्याच्या पदरात रुपये, वहीखाते चोख. चोरी कोणाला दिसणार? दादाभाई नौरोजींनी या संपत्तिहरणाचा हिशेब मांडला. बंगालमध्ये वाढलेल्या आपल्या सखाराम गणेश देउस्करांनी ‘देशेर कथा’ लिहून तो सामान्य माणसाच्या भाषेत नेला. 1910 साली सरकारने त्या पुस्तकावर बंदी घातली.

दुसरा घाव विनिमय दराचा. 1927 साली रुपयाचा दर एक शिलिंग सहा पेन्स ठरविण्यात आला. सर पुरुषोत्तमदास ठाकूरदास चलन आयोगाचे सदस्य होते. त्यांनी भिन्नमत नोंदवून एक शिलिंग चार पेन्सांचा आग्रह धरला होता. दोन पेन्सांसाठी एवढा वाद कशाला, असे वाटेल. चार पेन्सांच्या दराने एका पौंडाचे 15 रुपये होत. सहा पेन्सांच्या दराने 13 रुपये 5 आणे 4 पै. लिव्हरपूलचा भाव तोच, कापूस तोच. पण प्रत्येक पौंडामागे 1 रुपया 10 आणे 8 पै गळाले. इंग्रजी कापड मात्र त्याच हिशेबाने आपल्या बाजारात स्वस्त झाले.

दुसऱ्या महायुद्धातही तेच घडले. भारताने माल पुरविला, त्याबद्दल लंडनमध्ये आपल्या नावे सव्वाशे कोटी पौंडांहून अधिक रक्कम जमा झाली. परंतु ती मनास येईल तेव्हा उचलण्याची मुभा नव्हती. सप्टेंबर 1949 मध्ये पौंडाचे अवमूल्यन झाले आणि उरलेल्या रकमेचे डॉलरमधील मोल एका दिवसात उतरले. उधारीचे पोते सव्वा हात रिते, ही आपली म्हण ब्रिटिश साम्राज्यालाही लागू पडली.

हा केवळ इतिहास नव्हे. 2022 साली पाश्चात्त्य राष्ट्रांनी रशियाची परकीय गंगाजळी गोठविली, तेव्हा दुसऱ्याच्या तिजोरीत ठेवलेला पैसा कितपत आपला असतो, हे जगाने पुन्हा पाहिले. त्याच वर्षी 11 जुलैला रिझर्व्ह बँकेने परदेशी व्यापाराचे व्यवहार रुपयात चुकते करण्याची व्यवस्था जाहीर केली. बरोबर एक वर्षाने बांगलादेशाशी रुपयातील व्यापारास आरंभ झाला. बांगलादेश हा आपल्या कापसाचा मोठा ग्राहक आहे.

या पावलाचा आपल्याला अभिमान आहे. परंतु स्वदेशीच्या कार्यकर्त्याने येथे टाळ्या वाजवून थांबू नये. मे 2023 मध्ये गोव्यात आले असता रशियाच्या परराष्ट्रमंत्र्यांनी सांगितले की, भारतीय बँकांत साठलेल्या रुपयांचा विनियोग कसा करावा, ही त्यांची अडचण आहे. रुपया घेणाऱ्याला रुपयात विकत घेण्यासारखा मालही मिळाला पाहिजे. आपण गाठीच विकत राहिलो आणि सूत, कापड, कपडे दुसऱ्यांनी विकले, तर रुपयाची मागणी कशी वाढेल?

येथे काही तरुण शेतकरी उत्पादक कंपनी काढण्याच्या विचारात आहेत. त्यांना व्यवहाराचे चार शब्द सांगतो. ओळखीच्या दलालाच्या तोंडी भरवशावर माल पाठवू नका. खरेदीदाराच्या बँकेचे लेटर ऑफ क्रेडिट घ्या आणि त्यातील अटी आपल्या बँकेकडून तपासून घ्या. कागदात एका अक्षराची तफावत निघाली तरी पैसे अडतात. जहाजाची कागदपत्रे खरेदीदाराच्या हाती परस्पर देऊ नका, ती बँकेमार्फतच जाऊ द्या. ग्राहक बुडाला तर काय, यासाठी 1957 साली स्थापन झालेले ईसीजीसी हे केंद्र सरकारचे महामंडळ विमा देते. त्याचा हप्ता सौदा ठरविताना किमतीत धरा. चलन कोणते, मुदत किती आणि दर बदलला तर तोटा कोणी सोसायचा, हे गाठी ट्रकवर चढण्यापूर्वी करारात लिहून घ्या.

कोणाजवळ अशा कराराचा मसुदा असेल, तर आता आणावा. आपण तो येथेच बसून वाचू.