सक्तमजुरी आणि कसब



'शिक्षा' हा शब्द संस्कृतांत शिकविणें या अर्थाचा आहे. मराठींत मात्र तो दंडाचा वाचक होऊन बसला. जन्म शाळेंत घालविलेल्या माझ्यासारख्या मास्तराला हा फरक खुपतो. तुरुंगांतील मनुष्याला नुसता दंड करावयाचा, कीं त्याला कांहीं शिकवावयाचेंहि, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

आमचें वडखळ हें नाक्यावरचें गांव. येथून फुटणाऱ्या रस्त्यानें अलिबागेस गेलें, म्हणजे इंग्रजी अमदानींत तुरुंग झालेला हिराकोट किल्ला लागतो. दुसऱ्या बाजूस, थोड्याच अंतरावर, गणेशमूर्तींसाठीं प्रसिद्ध असलेलें पेण आहे. तेथील कारखान्यांत साच्यांतून मूर्ति काढणारा, ती घासून गुळगुळीत करणारा, रंग देणारा आणि शेवटीं डोळ्यांची आखणी करणारा, असे निरनिराळे हात राबतात. आणि कारागिराची ओळख त्याच्या हातावरून ठरते. हिराकोटांतून सुटलेल्या मनुष्याला पेणेच्या कारखान्यापर्यंतची वाट मोकळी आहे काय, हाच खरा प्रश्न आहे.

मजुरी आणि कसब यांत मोठें अंतर आहे. खडी फोडणाऱ्या बंदिवानाचा दिवस सरतो, अंग थकतें. पण सुटतेवेळीं त्याच्या हातीं कांहीं उरत नाहीं. उलट, सुतारकाम वा विणकाम शिकणाऱ्याला आपली चूक आपणच ओळखावी लागते, धीर धरावा लागतो, हातचें काम शेवटास न्यावें लागतें. हीच संवय संसाराला उपयोगी पडते. येरवड्याच्या कारागृहांत हे उद्योग चालतात. नाशिकच्या मध्यवर्ती कारागृहांत बंदिवानांनीं गणेशमूर्तीहि घडविल्या आहेत.

ही कल्पना आपल्याकडे नवी नाहीं. १९३९ सालीं औंध संस्थानांत, आटपाडीजवळ, राजे भवानराव पंतप्रतिनिधि यांच्या आश्रयानें आणि पोलंडचे अभियंते मॉरिस फ्रिडमन यांच्या प्रेरणेनें स्वतंत्रपूर ही खुली वसाहत निघाली. तेथें भिंतीऐवजीं विश्वास होता आणि कोठडीऐवजीं शेत. व्ही. शांताराम यांच्या १९५७ सालच्या 'दो आँखें बारह हाथ' या चित्रपटामागें हाच प्रयोग होता.

कोणी म्हणेल, ज्याचें नुकसान झालें त्याचें काय? हा आक्षेप रास्त आहे. १९९८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें सक्तमजुरीच्या बंदिवानांना रास्त वेतन द्यावें असें ठरविलें. त्याबरोबरच, त्या वेतनाचा कांहीं भाग गुन्ह्यास बळी पडलेल्यांसाठीं राखण्याचा कायदा राज्यांनीं विचारांत घ्यावा, असेंहि सांगितलें. ज्याच्या हातीं कसब नाहीं, तो भरपाई तरी कशांतून करणार?

परंतु शिकविणें हें अर्धेंच काम झालें. उरलेलें अर्धें तुमच्याआमच्याकडे आहे. कारागृहांत तयार झालेली सतरंजी किंवा खुर्ची आपण प्रदर्शनांतून कौतुकानें घरीं आणतों. तीच विणणारा वा घडविणारा मनुष्य कामासाठीं दारीं आला, म्हणजे मात्र आपला चेहरा पालटतो. त्याला मिळणाऱ्या प्रशस्तिपत्रावर कारागृहाचें नांव न घालतां शिक्षणसंस्थेचें घालावें, हें सरकारनें करण्यासारखें आहे. आपण करण्यासारखें इतकेंच, कीं पूर्वायुष्याची चौकशी अवश्य करावी, पण ती संपल्यावर त्याच्या हातचें कामहि पाहावें, आणि तें चांगलें असेल तर त्याला कामावर ठेवावें.