मज्जातंतूंतील सूक्ष्म नलिका

माणसाच्या कण्यापासून पावलापर्यंत जाणाऱ्या मज्जातंतूतील एकेक धागा हा एकाच पेशीचा लांबलेला हात असतो. प्रौढ माणसात त्याची लांबी सुमारे १ मीटर भरते. या पेशीचा मुख्य भाग कण्यापाशी असतो आणि तिला लागणारी बहुतेक प्रथिने तेथेच तयार होतात. मग पावलापर्यंत पसरलेल्या टोकाला हा शिधा पोहोचतो कसा? या प्रश्नाचे उत्तर धाग्याच्या अंतर्भागात पसरलेल्या सूक्ष्म नलिकांत दडलेले आहे.

या नलिकेचा व्यास २५ नॅनोमीटर, म्हणजे एका मिलीमीटरच्या रुंदीत अशा ४० हजार नलिका शेजारी-शेजारी मावतील. तिची रचना पेरे नसलेल्या पोकळ वेळूसारखी असते. आल्फा आणि बीटा या ट्युब्युलिन प्रथिनांची एक जोडी ही तिची वीट होय. या जोडीची लांबी ८ नॅनोमीटर असते. विटेला वीट लागून एक रांग होते आणि बहुधा अशा १३ रांगा एकमेकींना चिकटून नलिकेची गोल भिंत उभी राहते. निसर्गाने येथेही वैविध्य राखले आहे. सीनोरॅब्डायटिस एलेगन्स या सूत्रकृमीच्या बहुतेक पेशींत ११ रांगांच्या, तर स्पर्श जाणणाऱ्या त्याच्या चेतापेशींत १५ रांगांच्या नलिका आढळतात.

प्रत्येक वीट एकाच दिशेने तोंड करून बसत असल्यामुळे नलिकेची दोन टोके भिन्न असतात. मज्जातंतूच्या लांब धाग्यात वेगाने वाढणारे टोक नेहमी पेशीच्या मुख्य भागापासून दूर असते. त्यामुळे मालाला दिशा सापडते. १९८५ साली समुद्रातील स्क्विड या प्राण्याच्या जाड मज्जातंतूचा अभ्यास करताना अमेरिकेतील शास्त्रज्ञांना कायनेसिन हे हमाल प्रथिन गवसले. पाठीवर ओझे घेऊन ते एका विटेवरून पुढच्या विटेवर पाऊल टाकीत जाते. १ मीटरच्या वाटेवर अशी सुमारे साडेबारा कोटी पावले पडतात. परतीचा भार डायनीन हे दुसरे प्रथिन वाहते. या वाहक प्रथिनांवर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही मोलाचे संशोधन झाले आहे.

नलिकेची पोकळी मात्र रिकामी नाही. मज्जापेशी झटपट गोठवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या असता नलिकांच्या आत ठिकठिकाणी कण बसलेले दिसले. हा शोध २००६ साली प्रसिद्ध झाला. पुढे २०२० साली प्रयोगशाळेतील प्रयोगांत एमएपी-६ हे प्रथिन वाढत्या नलिकेच्या पोकळीत शिरते, असे आढळून आले. भिंतीला बाहेरून टाऊ हे प्रथिन बिलगलेले असते. अल्झायमर या स्मृतिभ्रंशाच्या विकारात हेच प्रथिन नलिका सोडून पेशीत गुंते करून साठते.

श्रोतेहो, हा विषय केवळ प्रयोगशाळेपुरता नाही. आपल्या अंगणातील सदाफुलीपासून मिळणारे व्हिन्क्रिस्टिन हे औषध रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या असंख्य बालकांना उपयोगी पडले आहे. पेशी दुभंगताना लागणाऱ्या नलिका ते जुळू देत नाही आणि त्यामुळे कर्करोगाच्या पेशींची वाढ खुंटते. परंतु मज्जातंतूंतील नलिकाही त्याच विटांच्या बनलेल्या! म्हणूनच काही रुग्णांच्या हातापायांना मुंग्या येतात, बोटे बधिर होतात, चालताना पाऊल नीट उचलत नाही. सर्वांत लांब धाग्यांना शिधा पोहोचविणे सर्वांत कठीण असल्याने हा त्रास बहुधा पायांपासून सुरू होतो.

अशा वेळी पालकांनी घाबरून औषध परस्पर बंद करू नये. मूल अडखळू लागले, सदऱ्याची बटणे लावणे त्याला जमेनासे झाले, तर ती गोष्ट डॉक्टरांना तत्काळ सांगावी. मात्रेत योग्य तो बदल त्यांनाच करता येतो आणि बहुतेकांचा त्रास कालांतराने कमी होतो. सदाफुलीचा पाला घरी वाटून देण्याचा मोहही कटाक्षाने टाळावा. कोकण-सह्याद्रीत पावसाळ्यात फुलणाऱ्या कळलावीच्या कंदात कोल्चिसिन असते. तेही याच नलिकांवर आघात करते. हा कंद पोटात गेल्यास प्राणावर बेतू शकते.

डोळ्यांना न दिसणाऱ्या या पोकळ वेळूंवर आपले चालणे, बोलणे आणि आठवणे अवलंबून आहे. त्यांची ओळख जितकी वाढेल, तितकी रोग मारून मज्जातंतू राखणारी औषधे जवळ येतील.