उष्टावणाच्या दुसऱ्या दिवशी
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



बाळाच्या खाण्यावर बोलण्याची आज्ञा कार्यकारिणीने आम्हांस केली, तेव्हा आमच्या घरी हशा पिकला. ज्याच्यापुढे आयुष्यभर आयते ताट आले, त्याने पेजेवर व्याख्यान द्यावे! तथापि नातवामुळे गेली दोन वर्षे आमचा मुक्काम स्वयंपाकघरात वाढला आहे, आणि तेथे जे शिकलो ते सांगण्यास संकोच वाटण्याचे कारण नाही.

आपल्या घरांत उष्टावण थाटाने होते. मामा चांदीची वाटी आणतो, खिरीचे बोट बाळाच्या ओठाला लागते, पंगती उठतात. आमचा प्रश्न दुसऱ्या दिवसाविषयी आहे. त्या दिवशी वाटीत काय असते? पुष्कळ घरी वरणाचे वरवरचे पाणी, नाहीतर भाताची पेज. "अजून दात कोठे आलेत?" असे म्हणत हाच क्रम महिनोन्‌महिने चालतो.

आमच्याही घरी तो चालला. सहाव्या महिन्यापर्यंत गुटगुटीत असलेले पोर पुढील तीन महिन्यांत वजनाने जवळजवळ होते तेथेच राहिले. अंगणवाडीच्या ताईंनी कार्डावरील रेघ दाखविली. ती आडवी झाली होती. आम्ही म्हणालो, "पाच वेळा खातो हो दिवसातून." ताईंनी वाटी मागवून ती तिरकी धरली. वाटीतले सारे एका क्षणात ओघळून गेले. "आजोबा, याने पोट भरते; पण अंगी काय लागणार?" या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही, हे येथे कबूल करतो.

पहिले सहा महिने केवळ आईचे दूध पुरे. वरचे पाणीसुद्धा नको. त्यानंतर दूध दोन वर्षे आणि पुढेही चालू ठेवावयाचे, परंतु ते एकटे पुरत नाही. सहा ते आठ महिन्यांच्या बाळास वरच्या अन्नातून दिवसाकाठी सुमारे २०० उष्मांक लागतात, नऊ ते अकरा महिन्यांच्या बाळास ३००, आणि दुसऱ्या वर्षी ५५०. जन्मतः शरीरात साठलेले लोहही याच सुमारास संपत येते. बाळाचे पोट तर लहानशा वाटीएवढे. त्या वाटीत पाणी भरले, तर अन्नाने राहावे कोठे?

सामग्री शोधण्यास दूर जावयास नको. आपला परभणी जिल्हा ज्वारीचा. येथील कृषी विद्यापीठाने २०१८ साली 'परभणी शक्ती' नावाचे ज्वारीचे वाण प्रसारित केले. त्यात लोह आणि जस्त नेहमीच्या ज्वारीहून अधिक आहे. ते न मिळाल्यास घरची ज्वारी आहेच. तीन वाट्या ज्वारी आणि एक वाटी मुगाची डाळ निवडून, वेगवेगळी खमंग भाजून, बारीक दळून चाळावी व कोरड्या डब्यात भरावी. शेंगदाण्याचे अगर तिळाचे कूट आधी मिसळू नये, पीठ खवट होते. शिजविताना बारीक कूट चमचाभर घालावे. शेंगदाणा बुरसट लागल्यास टाकून द्यावा. त्या बुरशीचे विष शिजवूनही जात नाही. वरून चमचाभर तूप किंवा करडईचे तेल, उकडून कुस्करलेली भाजी आणि लिंबाचे दोन थेंब. लिंबामुळे धान्यातील लोह अंगी लागते. ज्यांच्या घरी चालते त्यांनी अंडे अवश्य द्यावे.

आता खरी अडचण. असे पीठ दाट शिजविले की गोळा होतो आणि बाळ तोंड फिरविते. मग माउली पाणी ओतते, आणि आपण पुन्हा ओघळणाऱ्या वाटीशी येतो. यावर तोड जुनीच आहे. गहू रात्रभर भिजवावा, फडक्यात बांधून मोड आणावेत, कडक उन्हात वाळवावा, चोळून मोड झाडावेत आणि दळावा. हा गहू खरपूस भाजू नये, भाजल्यास गुण जातो. दाट, गरम लापशीत या पिठाचा एक लहान चमचा घालून ढवळले की ती पाहता पाहता सैल होते, पाण्याचा थेंबही न घालता! मोड येताना धान्यात जे पाचक द्रव्य निर्माण होते, ते पिठूळपणा तोडते. नंतर लापशीस पुन्हा एक उकळी द्यावी. बडोद्याच्या विद्यापीठात डॉ. तारा गोपालदास यांनी या पिठाचा शास्त्रीय अभ्यास केला आहे. मात्र यासाठी ज्वारीस मोड आणू नयेत. ज्वारीच्या कोंबात विषारी द्रव्य असते. कोवळा पोंगा खाऊन गुरे दगावतात, हे शेतकऱ्यास सांगावयास नकोच.

मध वर्षाच्या आत बोटभरही चाटवू नये, मग वडीलधारी रागावली तरी चालेल. मीठ-साखरही पहिल्या वर्षी नको. मामाची खीर एक दिवसाची, तिच्याविषयी आमचे भांडण नाही. बाटली तर घरातच नसावी. वाटी-चमचा धुण्यास सोपा.

बाजारातील डब्यांविषयी विचारणा होते. दोन वर्षांखालील मुलांच्या अशा अन्नाची जाहिरात करण्यास १९९२ च्या कायद्याने आणि २००३ च्या दुरुस्तीने मनाई आहे. कायद्यास एवढे करावे लागले, यावरून काय ते समजावे. आईचे दूध मिळतच नसेल, तर गोष्ट वेगळी. तेथे डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

राहता राहिला वेळेचा प्रश्न. कापूस वेचणीच्या दिवसांत सून पहाटे बाहेर पडते, कोणी शाळेत, कोणी कचेरीत जाते. सकाळी शिजवून ठेवलेली वाटी दुपारपर्यंत आंबते, विशेषतः आपल्या उन्हाळ्यात. ताजे शिजविण्यास दहा मिनिटे पुरतात. त्या वेळी आम्ही पुरुष पारावर असतो. आमचा नातू अकराव्या महिन्यापासून दुपारचे आमच्याच हातचे खातो; पहिले चार दिवस आम्ही ते करपविले. कार्डावरील रेघ दोन महिन्यांत वर वळली.

शेजारच्या खोलीत दोन्ही पिठांचे डबे आणि एक शेगडी ठेविली आहे. भोजनापूर्वी तेथे लापशी शिजवून दाखविण्यात येईल. भगिनींनी यावेच, आजोबांनी तर प्रथम यावे, आणि मामांनी येताना वाटी घेऊन यावी.