अंधार, झोप आणि साखर

(रौप्यमहोत्सवी सभेतील भाषणाचा लेखी मजकूर)



पंचवीस वर्षांत आपण गच्चीची गळती थांबवली, पाण्याची टाकी बांधली. आता थोडं स्वतःच्या शरीराकडे बघू.

हल्ली जिन्यात भेटलं की कुणीतरी विचारतं, "डॉक्टर, मेलाटोनिनच्या गोळीनं मधुमेहात प्रतिकारशक्ती वाढते म्हणे. घेऊ का?" आज सगळ्यांनाच उत्तर देतो.

मेलाटोनिन हे आपल्या शरीरातलंच संप्रेरक. अंधार पडला की मेंदूतली पीनियल ग्रंथी ते सोडते, डोळ्यांवर उजेड आला की थांबते. १९५८ मध्ये अमेरिकेत आरॉन लर्नर यांनी ते प्रथम वेगळं केलं. रक्तातल्या पांढऱ्या पेशींनाही त्याचा निरोप कळतो.

साखर सतत चढलेली राहिली की या पेशी सुस्तावतात. जंतूंकडे धावणं, त्यांना गिळणं मंदावतं. म्हणून पायाची जखम चिघळते, क्षयरोगाचा धोका दोन-तीन पटींनी वाढतो. मधुमेही उंदरांवरच्या प्रयोगांत मेलाटोनिननं फायदा दिसला आहे, पण माणसांत त्यानं जंतुसंसर्ग टळतो हे सिद्ध झालेलं नाही. उलट २०१४ च्या एका प्रयोगात निरोगी तरुणींना गोळीनंतर ग्लुकोज दिलं, तर साखर नेहमीपेक्षा जास्त चढली. म्हणून विचारल्याशिवाय गोळी नको. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर मुळीच नको.

शरीरात आपोआप तयार होणाऱ्या मेलाटोनिनची गोष्ट वेगळी. रात्री ते कमी तयार होणाऱ्या परिचारिकांत पुढे मधुमेह जास्त आढळला, असं २०१३ मध्ये एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात दिसलं.

"आम्ही सडपातळ, आम्हाला कसली साखर?" असं आपल्याकडे म्हणू नये. आपल्या जव्हार तालुक्यातलं वावर-वांगणी १९९२-९३ मध्ये बालमृत्यूंमुळे देशभर गाजलं. उपाशी शरीर साध्या आजाराशीही लढू शकत नाही, हे आपण तेव्हा पाहिलं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या अभ्यासानं पुढची बाजू दाखवली: आपल्याकडची कमी वजनाची बाळं दिसायला बारीक, पण अंगात चरबी जास्त, आणि मोठेपणी मधुमेहाचा धोकाही जास्त. वावर असो की मोखाडा, तिशी ओलांडली की साखर तपासा.

बाकी उपाय फुकटचे आहेत. रात्रीचं जेवण झोपण्याआधी दोन-तीन तास. मोबाईल उशाशी नको. रात्रपाळी असेल तर दिवसा जाड पडदा लावून झोपा. मधुमेहींनी रोज तळपाय बघावेत. दोन आठवडे खोकला राहिला तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या, पैसे पडत नाहीत.

कार्यकारिणीला एक विनंती: आवारातला हॅलोजन खिडक्यांवर येतो, तो जमिनीकडे वळवावा. सुरक्षाही राहील आणि सभासदांना अंधारही मिळेल.