खिशांतलें पिस्तूल आणि त्याची कीर्ति



कांहीं वस्तु अशा असतात कीं, त्या आपण जन्मांत कधीं हातीं धरलेल्या नसतात, डोळ्यांनीं पाहिलेल्याही नसतात. तरी त्यांचें नांव मात्र आपल्या तोंडीं असतें. वाल्थर कारखान्याचें ‘पी. पी. के.’ हें पिस्तूल अशा वस्तूंपैकीं एक आहे. चित्रपट पाहणाऱ्या पोरासोरांनासुद्धां तें ठाऊक असतें. हें नांव सर्वतोमुखीं झालें तें त्या पिस्तुलाच्या अंगच्या गुणांमुळें, कीं दुसऱ्याच कांहीं कारणानें, याचा थोडा विचार मी आज आपल्यापुढें मांडणार आहें.

जर्मनींतील थुरिंगिया प्रांतांत त्सेला-मेलिस म्हणून एक गांव आहे. तेथें कार्ल वाल्थर यानें १८८६ सालीं बंदुकांचा एक लहानसा कारखाना काढला, आणि पुढें फ्रित्स या त्याच्या मुलानें तो नांवारूपास आणला. १९२९ सालीं या कारखान्यानें पोलिसांसाठीं ‘पी. पी.’ नांवाचें पिस्तूल काढलें, व १९३१ सालीं त्याचेंच एक आटोपशीर भावंड बाजारांत आणलें. तें हें ‘पी. पी. के.’ साध्या वेषांत हिंडणाऱ्या पोलिसाला तें कोटाखालीं फुगवटा न दिसतां बाळगतां यावें, हा त्याचा उद्देश. लांबी सुमारें साडेपंधरा सेंटिमीटर, उंची दहा, वजन सहाशें ग्रॅमच्या आंत, आणि मुठींत सात काडतुसांची पेटी. एवढाच त्याचा पसारा.

परंतु त्याचा खरा गुण या लहानपणांत नाहीं. त्या काळीं स्वयंचलित पिस्तूल बाळगणाऱ्यापुढें एक अवघड पेंच असे. नळींत काडतूस भरून घोडा चढवून ठेवावा, तर खिशांत मृत्यु घेऊन हिंडल्यासारखें व्हावयाचें. नळी रिकामी ठेवावी, तर प्रसंगीं दोनही हात लावून वरचें सरकतें कवच मागें खेंचल्यावांचून पहिली गोळी सुटावयाची नाहीं, आणि तेवढी उसंत समोरचा माणूस देईलच असें नाहीं. वाल्थरच्या कारागिरांनीं यावर जी तोड काढली ती रिव्हॉल्व्हरच्या धर्तीची होती. नळींत काडतूस असावें, पण घोडा खालीं निजलेला असावा. चाप लांबवर ओढला म्हणजे त्याच ओढीनें घोडा उठतो आणि पडतो. पहिल्या गोळीनंतर मात्र मागें येणारें कवचच घोडा चढवून ठेवतें, म्हणून पुढच्या गोळ्यांना चाप हलका लागतो. ही कल्पना सर्वस्वी नवी नव्हती. पण बाजारांत तिला रुजविलें तें या कारखान्यानें.

शिवाय कवचाच्या डाव्या अंगास एक खिटी आहे. ती खालीं दाबली कीं चढलेला घोडा खालीं येतो, पण त्याचा आघात काडतुसापर्यंत पोंचत नाहीं. मला स्वतःला सर्वांत आवडते ती सोय याहूनही क्षुल्लक दिसणारी आहे. नळींत काडतूस असलें म्हणजे घोड्याच्या वरच्या बाजूस एक बारीकशी सळई बाहेर डोकावते. अंधारांत अंगठा फिरविला कीं पिस्तूल भरलेलें आहे कीं नाहीं हें कळतें. हातीं शस्त्र देणाऱ्या माणसानें बाळगणाऱ्याच्या जिवाचीही काळजी वाहिली होती, असें ती सळई पाहून वाटतें.

आतां दुसरी बाजू. या पिस्तुलाची नळी सांगाड्याला पक्की बसविलेली असते, आणि कवच केवळ आपल्या वजनानें व स्प्रिंगेच्या जोरानें गोळीचा धक्का थोपवून धरतें. रचना सुटसुटीत झाली. पण तिला जबर काडतूस सोसत नाहीं. ७.६५ मिलिमीटरच्या काडतुसांतील गोळी पांच ग्रॅमहूनही हलकी असते. त्यांत पहिल्या गोळीचा चाप जड, आणि झटका आकाराच्या मानानें बोंचरा. मोठ्या पंजाच्या माणसाच्या अंगठ्याजवळची कातडी मागें येणाऱ्या कवचानें सोलली जाते, ही तक्रार जुनी आहे. चार पावलांवर आलेल्या संकटाला क्षणभर थोपविण्याचें हें साधन. झुंजीचें शस्त्र नव्हे.

३० एप्रिल १९४५ रोजीं बर्लिनच्या तळघरांत हिटलरनें याच जातीच्या पिस्तुलानें आत्महत्या केली. त्याच वर्षीं त्सेला-मेलिस रशियाच्या ताब्यांत गेलें आणि तेथील कारखाना मोडला. फ्रित्स वाल्थरनें पश्चिम जर्मनींत उल्म येथें पुन्हां संसार मांडला. मध्यंतरीं फ्रान्समधील मानुऱ्हिन कारखाना परवाना घेऊन हें पिस्तूल करीत होता. येथवरची त्याची ख्याति जाणकारांपुरतीच होती.

ती जगभर झाली एका पत्रामुळें. इयन फ्लेमिंग यांच्या कादंबऱ्यांचा नायक जेम्स बाँड आरंभीं एक चिमुकलें बेरेट्टा पिस्तूल वापरीत असे. १९५६ सालीं ग्लासगोचे जेफ्री बूथरॉइड या शस्त्रांच्या शोकीनानें फ्लेमिंगना लिहिलें कीं, तें पिस्तूल बायकी आहे, नायकाला शोभत नाहीं. गमतीची गोष्ट अशी कीं, बूथरॉइड यांची पहिली शिफारस रिव्हॉल्व्हरची होती. लहान स्वयंचलितच हवें असेल, तर मग वाल्थर. फ्लेमिंगनीं १९५८ सालच्या ‘डॉक्टर नो’ कादंबरींत ही दुसरी निवड नायकाच्या हातीं दिली, आणि ती देणाऱ्या पात्राचें नांवच बूथरॉइड ठेवलें. १९६२ सालीं चित्रपट आला आणि सारें जग वाल्थरला ओळखूं लागलें. पुढच्याच चित्रपटाच्या जाहिरातीसाठीं छायाचित्रें घ्यावयाच्या वेळीं पिस्तूल आणावयास सारे विसरले. तेव्हां छायाचित्रकाराचें स्वतःचें वाल्थरचेंच, पण छर्ऱ्यांचें हवेचें पिस्तूल शॉन कॉनरींच्या हातीं देऊन वेळ निभावली गेली. त्या चित्रावर भाळलेल्या किती जणांच्या हें ध्यानांत आलें असेल!

चित्रपटांत पिस्तूल कधीं अडत नाहीं. सेऊल येथें २६ ऑक्टोबर १९७९ च्या रात्रीं तें अडलें. दक्षिण कोरियाच्या गुप्तहेरखात्याचा प्रमुख किम जे-ग्यू यानें भोजनाच्या बैठकींत अध्यक्ष पार्क चुंग-ही यांच्यावर याच पिस्तुलानें गोळी झाडली, आणि पुढें चाप ओढतां तें चालेना. तो बाहेर गेला आणि हाताखालच्या माणसाचें रिव्हॉल्व्हर घेऊन परतला. अध्यक्षांचा अंत झाला.

त्याच्याही पांच वर्षें आधीं, २० मार्च १९७४ च्या रात्रीं, लंडनच्या मॉल या राजरस्त्यावर एका मोटारीनें राजकन्या ॲन यांची मोटार अडविली. हल्लेखोर दोन पिस्तुलें घेऊन उतरला. रक्षक इन्स्पेक्टर जेम्स बीटन खालीं उतरतांच त्याच्या उजव्या खांद्याला गोळी लागली. तशाही स्थितींत त्यानें आपल्या वाल्थरमधून एक गोळी झाडली. ती हुकली, आणि पिस्तूल अडकलें. असलें पिस्तूल पुढचें काडतूस स्वतः भरून घेतें तें गोळीच्या धक्क्याच्या बळावर. त्यासाठीं धरणारा हात ताठ असावा लागतो, आणि जखमी खांद्याच्या माणसाकडून ती अपेक्षा कितपत करावी? दोष यंत्राचा कीं प्रसंगाचा, हा निवाडा मी करीत नाहीं. पण ज्या क्षणासाठीं तें बाळगावयाचें, तोच क्षण हा होता, एवढें खरें.

बीटन मोटारींत शिरला आणि राजकन्येच्या आड बसला. हल्लेखोर कांचेंतून गोळी झाडणार असें दिसतांच त्यानें आपला तळहात पुढें केला; गोळी त्याच्या हातांत शिरली. तिसरी पोटांत लागली. आणखी तिघे जखमी झाले. हल्लेखोराला खरा तडाखा बसला तो वाटेनें जाणाऱ्या रॉनी रसेल नांवाच्या एका माजी मुष्टियोद्ध्याच्या ठोशाचा. राजकन्या सुखरूप राहिली, जखमी झालेले सारे वांचले, आणि बीटनला त्याच वर्षीं जॉर्ज क्रॉस मिळाला.

या घटनेनंतर राजघराण्याच्या रक्षकांकडून हीं पिस्तुलें काढून घेण्यांत आलीं. पडद्यावरच्या बाँडच्या हातीं मात्र तें राहिलें. १९९७ सालच्या चित्रपटांत त्यानें तें बदललें, आणि २००८ सालीं पुन्हां हातीं घेतलें.